आवडत नाही, असं म्हणायचं

गमरे चार वाजता येणार होते, आणि राजश्रीने सकाळपासून दुसऱ्यांदा बाहेरच्या खोलीतली फरशी पुसायला घेतली. फरशी स्वच्छच होती. पण हाताला काम नसतं तर तोंड चाललं असतं, आणि आज तोंड चालून भागणार नव्हतं.

गमरे म्हणजे वेळशेतच्या गावमंडळाचे चिटणीस. गावातला जुना कौलारू विहार पाडून नवा बांधून झाला होता, फरशी तेवढी बसायची होती, बुद्धपौर्णिमेला उद्घाटन होतं, आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी उद्या सोमवारी कोरायला जाणार होती. पाटीच्या पहिल्या ओळीत तिच्या सासऱ्यांचं नाव होतं: आयु. सिताराम भिकाजी तांबे, रुपये एक लाख एक्कावन्न हजार. गमरे नावाचे काने-मात्रे तपासायला येणार होते. आणि बाकी न्यायला.

बाकी होती, आणि ती कशी झाली हे राजश्रीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या वर्षी इथेच, कोपरखैरण्यातल्या एका हॉलमध्ये मंडळाची सभा भरली होती. माईक फिरत होता. ज्याच्या हातात माईक जाईल त्याने उठून आपली रक्कम जाहीर करायची, अशी मंडळाची रीत. तिचा नवरा संघर्ष घरून ठरवून गेला होता, एकवीस हजार. दोघांनी मिळून ठरवलं होतं, तेवढे बाजूला काढूनही ठेवले होते. पण माईक त्याच्याआधी येलव्यांच्या मुलाकडे गेला, ज्याचा तळोज्याला टेम्पोचा धंदा आहे, आणि तो म्हणाला, एक लाख. टाळ्या पडल्या. मग माईक संघर्षकडे आला. पुढच्या रांगेत सासरे, आप्पा, मान वळवून मुलाकडे बघत होते. आणि तिचा हा शहाणा नवरा, ज्याला दुधाच्या पिशवीचे भाव तोंडपाठ असतात, उभा राहून म्हणाला, "माझ्या वडिलांच्या नावे एक लाख एक्कावन्न हजार."

राजश्रीने मनातल्या मनात त्यातून एकवीस वजा केले. तरी तिने टाळ्या वाजवल्या. काय करणार, सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या.

एकवीस हजार त्याच दिवशी भरले. उरलेल्याचं 'पुढच्या महिन्यात' करता करता वर्ष उलटलं. आप्पांना वाटत होतं सगळे भरले. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण तसं नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं.

बेल वाजली. दारात संघमित्रा होती, सानपाड्याहून रिक्षाने आलेली, हातात मोसंब्यांची पिशवी. नणंद आली की राजश्री एरवी मोकळं हसायची. आज दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना कळलं की दुसरीला माहीत आहे.

"दादाने तुला सांगितलं का वहिनी, मला फोन केलेला?" संघमित्राने चपला काढता काढता हळू विचारलं.

"सांगितलं नाही. बाथरूममधून बोलू लागले होते. नळ सोडून. त्यांना वाटलं मला ऐकू येत नसेल."

"सगळे मागितलेत. एक लाख तीस. दोन महिन्यांत देतो बोलला."

"देऊ नका, ताई."

बोलून गेली आणि राजश्रीचे कान तापले. नवऱ्याच्या बहिणीला नवऱ्याविरुद्ध सांगणं तिला कधी जमेल असं वाटलं नव्हतं. जालन्याला तिच्या माहेरी अशी बाई वाईट समजतात. पण आता तोंडातून निघालंच होतं.

"फ्रिजचे हप्ते चालू आहेत, एसीचे आहेत. आमच्या स्वराजच्या कॉलेजची फी कार्डावर भरली, ते कार्ड भरायला दुसरं कार्ड घेतलं. तुम्ही दिले तर ते तुमचे फेडतील, मी नाही म्हणत नाही. पण कुणाकडून घेऊन फेडतील, हे मला विचारू नका."

संघमित्राने मोसंब्यांची पिशवी ओट्यावर ठेवली. वाशीतल्या एका विमा कंपनीत बसून ती दिवसभर लोकांना सांगायची, पैसे कुठे ठेवा, किती ठेवा, कशाला हात लावू नका. सख्ख्या भावाला तिने कधी विचारलं नव्हतं, तुझं कसं चाललंय. विचारलं असतं तर त्यानेही विचारलं असतं, तुझं कसं चाललंय, आणि तिला ते नको होतं.

*

स्वराज मित्रांकडे गेला होता; जेवायला बाकीचे पाचही जण एकत्र बसले. आईने, म्हणजे सासूबाई जाईबाईंनी, बोनकोड्याच्या नाक्यावरून बोंबील आणून कुरकुरीत तळले होते. आप्पा खुशीत होते. उद्घाटनाला करायच्या भाषणाची त्यांनी मनात जुळवाजुळव केली होती, आणि तिचा थोडा थोडा नमुना ते प्रत्येक घासामागे ऐकवत होते.

"फीत कापायला मला बोलवलंय. माझ्याबरोबर येलव्यांचा पोरगा. पण पहिली कात्री माझी. गमरे बोलला तसं."

"पांढरा सदरा काढून ठेवलाय," आई म्हणाली. "कॉलर पिवळी झाली हाय. नीळ घालाया लागंल."

"नवीन घेऊ," संघर्ष म्हणाला.

राजश्रीच्या हातातली पळी आमटीत जरा जोरात आपटली. संघर्षने ताटातून मान वर केली नाही. मग पाणी प्यायला, घसा साफ केला, आणि सहज काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, "मित्रा, ते आपलं... जमलं का?"

संघमित्राने वाक्य रिक्षात बसल्या बसल्या तयार केलं होतं. तरी ते नीट आलं नाही.

"एफडी मोडायला मला आवडत नाही, दादा."

संघर्षचा हात ताटात थांबला. बाहेरच्या कुणाला हे वाक्य साधं वाटलं असतं. या घरात ते साधं नव्हतं.

तांब्यांच्या घरात 'परवडत नाही' हा शब्द बोलायची सोय नव्हती. आप्पा लहानपणी वेळशेतहून तालुक्याला गेले होते, तेव्हा एका दुकानात टांगलेल्या छत्रीची किंमत त्यांनी विचारली. दुकानदाराने छत्री खाली काढली नाही. किंमतही सांगितली नाही. पोराकडे, त्याच्या पायांकडे बघून एवढंच म्हणाला, तुला परवडायची नाही रे. कुणाचा पोर आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि पोरालाही ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहे. पुढे आप्पा तुर्भ्याच्या कारखान्यात लागले, लग्न झालं, पोरं झाली, तेव्हा त्यांनी पोरांना एक गोष्ट बजावून सांगितली. कुणी काही पुढे केलं आणि आपल्याजवळ पैसे नसले, तर 'परवडत नाही' म्हणायचं नाही. 'आवडत नाही' म्हणायचं. नाही कोण म्हणतं, तर आपण म्हणतो. समोरच्याला ते म्हणू द्यायचं नाही.

पोरं हुशार होती, पटकन शिकली. शाळेची सहल निघाली की तांब्यांच्या पोरांना सहली आवडायच्या नाहीत. आइस्क्रीमने त्यांचे दात दुखायचे. कॉलनीतल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, जाईबाईंची पोरं किती समाधानी.

संघमित्रा चाळिशीला आली होती आणि तिला खरंच कळत नव्हतं की तिला काय आवडतं. गेल्या महिन्यात ती एका दुकानात साडी घ्यायला गेली. पैसे होते, भरपूर होते. दुकानातल्या मुलीने विचारलं, मॅडम, यातली कुठली आवडली? आणि संघमित्राच्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं. काही न घेता ती बाहेर पडली. घरी येऊन तिने ते पैसे बँकेत टाकले. बँकेत टाकलेला पैसा तिला आवडायचा, कारण तो कुणाला दिसत नाही आणि त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

आणि आज भावाला तिने घरचंच नाणं परत दिलं होतं. तिच्याकडे पैसे होते. 'मी देणार नाही' असं सरळ म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ती आप्पांच्या शब्दामागे लपली. तिला स्वतःची लाज वाटली. बोंबलाचा काटा काढत ती खाली बघत राहिली.

"कसली एफडी?" आप्पांनी विचारलं.

"काय नाय आप्पा. तिच्या ऑफिसचं," संघर्ष म्हणाला. "तुमी भाषणाचं सांगत होता ना."

आप्पांनी भाषण पुढे चालू केलं. ते एकटेच ऐकत होते.

*

जेवणानंतर आप्पांना चष्मा सापडेना. तो असायचा तिथे, म्हणजे आतल्या खोलीच्या खिडकीत, बघायला ते गेले, तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि आत संघर्ष उजेडाकडे तोंड करून उभा होता. मोबाइल हातभर लांब धरलेला. मोबाइलकडे बघून तो हसत होता. मग त्याने डोळे मिचकावले. मग मान डावीकडे केली, उजवीकडे केली, आणि पुन्हा हसला.

आप्पांना बरं वाटलं. पोरगा जेवताना उतरल्यासारखा दिसला होता, पण आता स्वतःचे फोटो काढतोय म्हणजे तसं काही नसावं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोघांनी मिळून काढलेला फोटो त्यांना फार आवडला होता. केसांवरून हात फिरवून ते पुढे झाले, मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि मोबाइलकडे बघून तेही हसले.

मोबाइल थरथरला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"काय लिवलंय?" खिडकीतला चष्मा डोळ्यांवर चढवून आप्पांनी स्वतःच वाचलं. "चौकटीत एकापेक्षा जास्त चेहरे आहेत. कर्जदाराने एकट्याने समोर यावे." त्यांनी ते पुन्हा वाचलं. "कर्जदार कोण?"

संघर्षने मोबाइल खाली केला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण तोंड चोरी पकडलेल्या पोरासारखं झालं. त्याला काहीतरी सुचायला हवं होतं. एरवी त्याला लगेच सुचायचं.

"फोटो नाही तो आप्पा," दारातून राजश्री म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. "कर्जाला तोंड दाखवू लागलेत. तोंड पसंत पडलं की पाच मिनिटांत पैसे देतात. मग महिन्याभरात दीडपट मागतात."

"राजश्री!" संघर्ष म्हणाला.

"आता ओरडू नका. गमरे येतील. काय ते आत्ताच बोलून टाका."

आप्पा पलंगावर बसले. "कशापायी कर्ज?"

संघर्षने मोबाइल खिशात घातला. पण आप्पा म्हातारे असले तरी मंद नव्हते. गमऱ्यांचं नाव निघालं होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि सकाळपासून चाललेली फरशीची पुसापुस, मुलीचं ठरवल्यासारखं येणं, ती एफडी, सगळं एका ओळीत येऊन बसलं.

"विहाराचे भरले नाय तू?"

"एकवीस भरलेत."

"बाकीचे?"

"भरतोय ना. आजच भरतोय. टेन्शन नका घेऊ तुमी."

"माझ्या नावासाठी कर्ज काढतोस?" आप्पांचा आवाज चढला. "मी मागितला होता तुझ्याकडं? मी बोललो होतो, माझा नाव दगडावर टाक म्हणून?"

"बोलला नव्हता," संघर्ष म्हणाला. "पण तुमी बघत होता आप्पा. येलव्याने लाख बोलल्यावर तुमी मान फिरवून माझ्याकडं बघत होता. मी एकवीस बोलायला उठलो होतो. तुमचं तोंड बघितलं आणि मला बोलताच नाय आलं."

आप्पांना खेकसायचं होतं. शब्द तोंडाशी आलेही होते. पण ते खरं होतं. येलव्यांच्या पोराने एक लाख म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात कळ उठली होती. येलव्यांच्या म्हाताऱ्याने आणि त्यांनी गावात एकाच बांधावर मजुरी केली होती, आणि आता त्याचं नाव वर आणि आपलं खाली. तेव्हा त्यांनी मुलाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नव्हतं, मागितलं होतं. तोंडाने न बोलता मागणं ही तर त्यांच्या घराची जुनी सवय. आकडा ऐकल्यावर त्यांचा ऊर भरून आला होता, चष्मा पुसावा लागला होता, आणि त्या क्षणी एकदाही त्यांच्या मनात आलं नाही की पोराने हे आणायचे कुठून.

ते खाली बघत राहिले. सुनेसमोर बसून लाज वाटायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

*

आवाज ऐकून आई आणि संघमित्राही आत आल्या. खोली लहान, माणसं पाच, त्यामुळे कुणालाच कुणापासून तोंड फिरवता येईना.

"मी देते," संघमित्रा एकदम म्हणाली. आप्पांची खाली गेलेली मान तिला बघवेना. "आत्ता देते. मोबाइलवरून होतील. गमरेकाका येऊन जाऊ दे, मग आपण बघू."

"ताई," राजश्री म्हणाली, "सकाळी आपलं काय बोलणं झालं?"

"झालं वहिनी. पण आप्पांकडे बघ ना."

"बघू लागले मी. मी बघू लागले, तुम्ही बघू लागलात, त्या दिवशी हेही आप्पांकडेच बघत होते. म्हणून तर हे झालं." राजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने रागाने पुसलं. "मला वाईट म्हणा. पण आज हे झाकलं, तर पुढच्या वेळी झाकायला यांना आणखी मोठं पांघरूण लागेल. मला रात्री झोप येत नाही हो. बाहेर मोटारसायकल थांबली तरी वाटतं वसुलीवालाच आला."

हे संघर्षला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, ती रात्री जागी असते ते पाठदुखीमुळे. तसं तीच सांगायची.

आईने तोडगा काढला. "गमऱ्याला सांगा, यांना बरं नाय. ताप हाय. पुढच्या हप्त्यात ये म्हनावं."

"पाटी उद्या कोरायला जाणार आहे आई," संघमित्रा म्हणाली.

"मग जास्त ताप हाय म्हनावं."

कुणाला हसू येण्याची वेळ नव्हती, तरी राजश्रीच्या तोंडून एक विचित्र हुंदका निघाला, जो हसण्याचाही असू शकला असता. आणि तेवढ्यात बेल वाजली. चारला अजून अवकाश होता. गमरे लवकर येणाऱ्यांपैकी होते.

*

"जय भीम, जय भीम," करत गमरे आत आले. उंच, सुकलेले, तपकिरी सफारीतले. सतरंज्या झटकण्यापासून सरकारी परवान्यापर्यंत मंडळाचं काम त्यांनी एकट्याने ओढलं होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. वर्गणी बुडवणाऱ्याचं नाव ते सभेत मोठ्याने वाचायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण इथे नसतो तर बरं.

त्यांनी मोबाइलवर पाटीचा नमुना उघडून आप्पांपुढे धरला. "सितारामभाऊ, बघून घ्या. सि पहिली की दुसरी? एकदा कोरला की कोरला. दगडाला खोडरबर नाय."

आप्पांनी पाहिलं. पहिल्या ओळीत, अगदी वर, येलव्यांच्याही वर, त्यांचं नाव होतं. छान दिसत होतं. त्यांनी मोबाइल परत दिला.

संघर्षला कळलं की आता आपणच बोलायचं आहे. आई, बहीण, बायको भिंतीला टेकून उभ्या होत्या. बोलायचं कसं, तेही त्याने राजश्री चहा आणेपर्यंत ठरवलं. लहानपणापासून जे येत होतं तेच आलं.

"गमरेकाका, ते बाकीचं... आमची तशी इच्छा नाय आता."

"कसली इच्छा?"

"म्हणजे एवढी रक्कम द्यायची. आमी विचार केला. नको वाटतंय."

गमऱ्यांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग हळूहळू तांबडा.

"इच्छा नाय? विहाराला द्यायची इच्छा नाय?" ते उभे राहिले. "संघर्ष, तुझ्या आज्याने त्या जुन्या विहाराचे दगड डोक्यावरून वाहिलेत. कुणी एक दिवसाची मजुरी दिली, कुणी कोंबडी विकून दिले. चांगुणाबाई, ऐंशीच्या पुढची बाई, पाचशे रुपये घेऊन चालत आली माझ्याकडं. आणि तू कोपरखैरण्यात एसीत बसून मला सांगतोस, नको वाटतंय? जाहीर करताना टाळ्या घेतल्यास त्या? तुझ्या शब्दावर आमी फरशी सांगितली!"

संघर्षही उठून उभा राहिला. त्याला असं म्हणायचं नव्हतं. त्याला द्यायचे होते, मनापासून द्यायचे होते, त्यासाठीच तर तो मघाशी मोबाइलपुढे डोळे मिचकावत होता. पण 'नाहीत' हे सांगायचा शब्दच त्याला कुणी शिकवला नव्हता, आणि जो शिकवला होता त्याने तो आता विहाराला नाक मुरडणारा माणूस ठरला होता. गमरे चपला घालायला निघाले. उद्या ही गोष्ट घणसोलीपासून वेळशेतपर्यंत पोचणार होती.

"बस गमरे," आप्पा म्हणाले.

"नको भाऊ. झाला तेवढा बास झाला."

"बस म्हनतो ना. त्याला नीट बोलता येत नाय. मीच तसा शिकवला." आप्पांनी गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले. "इच्छा हाय. लय हाय. पैसे नायत."

गमरे उभेच राहिले.

"त्याच्याकडं नायत, माझ्याकडं पण नायत. एकवीस होते, ते दिले. बाकीचा आकडा तो माझ्यासाठी बोलला. मला पायजे होता म्हणून बोलला."

आईने पदराचं टोक तोंडाला लावलं. असं काही बोलताना तिने नवऱ्याला आजवर ऐकलं नव्हतं, आणि बाहेरच्या माणसासमोर तर नाहीच. संघमित्राला वाटलं, आप्पांच्या अंगावरचे कपडे कुणीतरी भर बाजारात उतरवले. आणि ते उतरवणारे ते स्वतःच होते.

गमरे पुन्हा बसले. पैसे बुडवणाऱ्यांशी कसं बोलायचं ते त्यांना येत होतं, हे नवीन होतं.

"मग एकवीस लिवतो," शेवटी ते म्हणाले. "पन ते खालच्या ओळीत येनार भाऊ. नियम हाय."

"खाली लिव."

"फीत..."

"फीत येलव्याच्या पोराला कापू दे. त्याने दिलेत."

"फरशी साधी घालाया लागंल आता. दुकानदाराला मी शब्द दिलाय."

"ते मातूर आमच्यामुळं," आप्पा म्हणाले. "मंडळापुढं मी येतो. माझ्या तोंडानं सांगतो."

गमऱ्यांनी मान हलवली. दिलासा द्यायचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि त्यांनी तो दिलाही नाही. चहा संपवला, जय भीम केला आणि निघाले. त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला संघर्ष गेला. लिफ्ट येईपर्यंत दोघंही आकडे बघत उभे राहिले, आणि लिफ्टचं दार लागताना गमरे फक्त म्हणाले, "सि पहिलीच ना?" संघर्षने हो म्हटलं.

तो परत आला तर सगळे होते तिथेच होते. कुणी टीव्ही लावला नव्हता, कुणी कप उचलले नव्हते. त्याला वाटलं, आत निघून जावं. पण आप्पांनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला, तसा तो बसला. राजश्रीने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

आप्पांनी विचारलं, "पगार किती रं तुझा?"

वीस वर्षं तो नोकरी करत होता. हा प्रश्न या घरात त्याला कुणी कधी विचारला नव्हता. विचारणं म्हणजे अपमान समजला जायचा. खोटं बोलायची हीच वेळ होती, आकडा सहज फुगवता आला असता, आणि समोरच्या सगळ्यांनी तो मानला असता, एक बायको सोडून.

"हातात बत्तीस येतात."

"हजार?" आईने विचारलं.

"हजार."

आई हळूहळू त्याच्यासमोर जमिनीवर बसली. नजरेनेच तिने खोलीभर फिरून सगळं पाहिलं. भिंतीवरचा एसी, फ्रिज, सोफा, आप्पांचं कानाचं यंत्र, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यांना हात लावला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन त्याने खासगी दवाखान्यात करून घेतलं होतं, सरकारी दवाखान्यात तिला रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून.

"एवढ्यात तू हे सगळं कसं भागवलंस रे बाळा?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कौतुकच होतं.

संघर्षने आईकडे पाहिलं. इतका वेळ आवरून धरलेला चेहरा त्याला आता आवरेना.

"नाय भागवलं, आई," तो म्हणाला.